टँग्राचं चिली चिकन, घरच्या कढईत

कोलकात्यातल्या आमच्या पहिल्या हिवाळ्यात शेजारचे दादा-बौदी एका रविवारी आम्हाला टँग्राला जेवायला घेऊन गेले. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना चामड्याच्या कारखान्यांच्या उंच भिंती, जाड लोखंडी फाटकं आणि त्या फाटकांवर लाल-सोनेरी अक्षरांत हॉटेलांची नावं. चिली चिकनची ताटली समोर आली तेव्हा मी गोंधळलेच. पुण्यात गाडीवरचं जे 'चिकन चिली' खात मी लहानाची मोठी झाले, ते लालभडक. हे काळपट तपकिरी, कोरडं, उभ्या चिरलेल्या हिरव्या मिरच्यांनी भरलेलं. व्हिनेगरचा वास थेट नाकात गेला. एक तुकडा खाल्ला आणि पुढची दहा मिनिटं मी कुणाशी बोलले नाही.

ते घरी जमायला मला दीड-दोन वर्षं लागली. कारण मी बाटल्यांच्या मागे लागले होते: हा सॉस आणू की तो आणू. हळूहळू लक्षात आलं की या स्वयंपाकातले जवळजवळ सगळे जिन्नस आपल्याच बाजारातले आहेत. चिनी आहे तो हात. कसं चिरायचं, कढई किती तापवायची, काय आधी पडतं आणि काय शेवटी. तो हात जमला की साध्या वाण्याकडच्या सामानातून टँग्राची चव निघते. म्हणून या लेखात मापं आहेतच, पण माझा जोर पद्धतीवर आहे.

हे रांधणारे लोक कोण

अठराव्या शतकाच्या अखेरीस टाँग अच्यू नावाचा एक चिनी माणूस बंगालमध्ये आला. वॉरन हेस्टिंग्जने त्याला बजबजजवळ हुगळीच्या काठी जमीन दिली. तिथे त्याने ऊस लावला, साखरेचा कारखाना काढला. त्या गावाला त्याच्याच नावावरून अछिपूर म्हणतात आणि चिनी नववर्षाच्या दिवसांत कोलकात्यातली चिनी कुटुंबं आजही तिथल्या देवळात आणि त्याच्या समाधीवर जातात.

त्याच्यामागून पुढच्या दीडशे वर्षांत बरेच आले. कँटनकडचे सुतार आले, हुबेई प्रांतातले दातांचे डॉक्टर आले, आणि हाक्का आले. 'हाक्का' या शब्दाचा अर्थच 'पाहुणी घराणी'. चीनमध्येच एका भागातून दुसऱ्या भागात सरकत गेलेले हे लोक. कोलकात्यातले बहुतेक जण ग्वांगडोंग प्रांतातल्या मेइशिएन भागातले. इथे जे काम वरच्या जातींनी विटाळ मानून दूर ठेवलं होतं, ते कातडं कमावण्याचं आणि बूट शिवण्याचं काम त्यांनी हातात घेतलं. बेंटिंक स्ट्रीटवर बुटांची दुकानं उभी राहिली आणि शहराच्या पूर्वेच्या दलदलीत, टँग्राला, टॅनऱ्या.

मग १९६२ चं युद्ध झालं. सुमारे ३,००० चिनी वंशाच्या माणसांना घरांतून उचलून राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत ठेवलं गेलं. त्यांत भारतात जन्मलेले होते, म्हातारे होते, लहान मुलं होती. काहींची तिथे चार-पाच वर्षं गेली. परत आले तेव्हा अनेकांची घरं आणि दुकानं राहिली नव्हती. बरेच जण देश सोडून गेले. जे राहिले, त्यांच्यावर १९९६ साली दुसरी वेळ आली: प्रदूषणामुळे कोलकात्यातल्या टॅनऱ्या शहराबाहेर हलवा, असा सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला. टँग्रात त्याआधीही काही हॉटेलं होती. आता आणखी कुटुंबांनी कातडी वाळवायच्या जागेत टेबलं मांडली. आपण 'हाक्का नूडल्स' म्हणतो तेव्हा हे नाव ज्यांचं आहे त्यांच्यावर काय गुदरलं, ते आपल्याला ठाऊक असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

एक गोष्ट मला फार नंतर समजली. या कुटुंबांचं घरचं जेवण चिली चिकनसारखं नसतं. मुईचॉय नावाची खारवून वाळवलेली भाजी घालून वाफवलेलं डुकराचं मांस, सारण भरलेला टोफू, साधी पालेभाजी, भात. तिखट बेताचं, तेलही बेताचं. हॉटेलातलं जेवण त्यांनी आपल्यासाठी घडवलं. ज्यांना मिरची लागते, भाताबरोबर कालवायला रस्सा लागतो आणि भजी आवडतात, त्या गिऱ्हाइकांसाठी.

काय बदललं, काय तसंच राहिलं

चिनी स्वयंपाकात मांसाचे बारीक तुकडे अंड्याचा पांढरा बलक आणि स्टार्च लावून तेलातून अलगद काढतात. तो पदर इतका पातळ असतो की दिसतही नाही. इथे तो जाड झाला, कुरकुरीत झाला, भज्याच्या जवळ गेला. तांदळाची वाइन आणि काळं व्हिनेगर इथल्या बाजारात नव्हतं. स्वस्त पांढरं व्हिनेगर होतं, तेच आलं. कांदा, आलं, लसूण, हिरवी मिरची हे चौघे मुख्य झाले. सॉसही इथेच बनू लागले. टिरेटा बाजार भागातल्या पौ चाँग या चिनी कुटुंबाच्या दुकानाचा हिरव्या मिरचीचा सॉस कोलकात्याच्या घराघरांत असतो, आणि हेच लोक बंगाल्यांची मोहरीची कासुंदीही बनवून विकतात.

बदललं नाही ते एवढं: सगळं आधी चिरून ओळीत मांडायचं, लोखंडी कढई धूर निघेपर्यंत तापवायची, थोडं थोडं परतायचं, आणि पदार्थ विस्तवावर मिनिटांत संपवायचा. आपल्याकडे कांदा परतत ठेवून टोमॅटो चिरायला घेतला तरी चालतं. इथे तेवढ्यात लसूण करपतो.

तयारी: कढई आणि आच

लोखंडाची, पातळ पत्र्याची, १२ ते १४ इंची कढई घ्या. भांड्यांच्या बाजारात 'चायनीज कढई' म्हणून मागितली की देतात. नॉनस्टिक नको; तिला इतकं तापवणं तिच्या थरासाठीही बरं नाही आणि आपल्यासाठीही. नवी कढई साबणाने खसखसून घासा, कोरडी करा, मोठ्या आचेवर निळसर झाक येईपर्यंत तापवा, मग कापडाच्या बोळ्याने अगदी पातळ तेल फिरवा आणि धूर ओसरू द्या. असं तीन-चार वेळा केलं की पृष्ठभाग काळा, गुळगुळीत होतो. त्यानंतर साबण शक्यतो लावू नका. गरम पाणी, काथ्या, आणि लगेच विस्तवावर वाळवणं.

हॉटेलातली भट्टी आपल्या शेगडीच्या कितीतरी पट आग ओकते, त्यामुळे तिथला धुरकट वास जसाच्या तसा घरी येणार नाही. पण बराच जवळ जाता येतं. त्यासाठी कढईत एका वेळी दोन माणसांचंच टाका. चार जणांचं करायचं तर दोनदा करा. कढई भरली की तापमान पडतं, भाज्यांना पाणी सुटतं, आणि आपण परतत नाही, उकडत बसतो. घरच्या चायनीजची चव बिघडते ती बहुतेक वेळा इथेच. दुसरं, धुतलेल्या भाज्या पंचावर पसरून पूर्ण कोरड्या करा. तिसरं, खिडकी उघडा.

मोठा चमचा म्हणजे १५ मिली आणि लहान म्हणजे ५ मिली, असं धरून पुढची मापं दिली आहेत.

आदल्या तासाला: मिरचीचं व्हिनेगर

टँग्रात टेबलावर बसलात की पहिल्यांदा हीच वाटी दिसते. आठ-दहा पोपटी, कमी तिखट मिरच्यांच्या गोल चकत्या करा. काचेच्या बरणीत अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर, अर्धा लहान चमचा मीठ, एक लहान चमचा साखर विरघळवून त्यात चकत्या घाला. तासाभरात तयार होतं. फ्रिजमध्ये दोन आठवडे सहज राहतं. यातलं व्हिनेगर पुढे चिली चिकनमध्येही वापरायचं आहे. साध्या व्हिनेगरपेक्षा त्याला गोलाई येते.

चिली चिकन

चौघांसाठी अर्धा किलो चिकन, मांडीचं, हाड काढलेलं. छातीचं घेऊ नका. दोनदा तळल्यावर त्याचा चोथा होतो. एक इंची तुकडे करून त्यांना एक मोठा चमचा सोया सॉस, एक लहान चमचा आलं-लसूण वाटण, अर्धा लहान चमचा मिरपूड आणि चिमूटभर मीठ चोळून वीस मिनिटं ठेवा. पांढरे मिरे मिळाले तर तेच घ्या, त्यांचा वास या पदार्थाला जास्त शोभतो.

सोया सॉसबद्दल थोडं सांगते. बाटलीवर घटक वाचा. सोयाबीन आंबवून केलेला असेल तो घ्या; नुसता रंग, मीठ आणि पाणी असलेला नको. डार्क सोया रंगासाठी असतो आणि लाइट सोया खारटपणासाठी. घरात एकच ठेवायचा असेल तर लाइट ठेवा. फक्त डार्क असेल तर त्याचं माप निम्मं करा आणि उरलेलं मिठाने भागवा, नाहीतर सगळं काळं आणि कडवट होतं.

वीस मिनिटांनी त्यात एक अंडं फोडा, चार मोठे चमचे कॉर्नफ्लोअर आणि दोन मोठे चमचे मैदा घालून हाताने कालवा. पीठ तुकड्यांना चिकटून राहिलं पाहिजे, वाटीच्या तळाशी साचलं तर जास्त सैल झालं. लाल रंग घालू नका. टँग्राच्या ताटलीत तो मला दिसला नाही आणि त्याला चव नसते.

आता तळण. तेल मध्यम तापवा. पिठाचा थेंब टाकला की तळाला जाऊन सावकाश वर यावा. तुकडे एकेक सोडा, एका घाण्यात आठ-दहाच. चार-पाच मिनिटांत फिकट सोनेरी झाले की झाऱ्याने काढून चाळणीत ठेवा, कागदावर नको, कागदावर खालची बाजू मऊ पडते. सगळे घाणे झाले की पाच मिनिटं थांबा. मग तेल चांगलं कडक तापवून सगळे तुकडे पुन्हा मिनिटभर तळा. पहिल्या तळणात मांस शिजतं. थांबल्यावर आतली वाफ बाहेर येऊन पदर नरमतो. दुसऱ्या तळणात तो ओलावा उडतो आणि कुरकुरीतपणा सॉसमध्ये गेल्यावरही टिकतो. ही दुसरी फेरी कंटाळा करून गाळू नका.

तेलाची कढई बाजूला ठेवा आणि परतायची कढई घेण्याआधी पुढचं सगळं एका ताटात, ज्या क्रमाने पडणार त्या क्रमाने, मांडून घ्या:

– बारा लसणाच्या पाकळ्या आणि इंचभर आलं, दोन्ही सुरीने बारीक चिरलेलं. वाटण चालणार नाही, ते तापलेल्या लोखंडाला चिकटून करपतं.
– सहा हिरव्या मिरच्या, उभ्या चिरून.
– एक मोठा कांदा, चौकोनी कापून पाकळ्या सुट्या केलेल्या.
– एक ढोबळी मिरची, कांद्याएवढेच तुकडे.
– पातीच्या कांद्याच्या दोन काड्या, पांढरा आणि हिरवा भाग वेगळा.
– एका वाटीत दीड मोठा चमचा सोया सॉस. दुसऱ्या वाटीत एक मोठा चमचा हिरव्या मिरचीचा सॉस, एक मोठा चमचा आपलं मिरचीचं व्हिनेगर, एक लहान चमचा साखर.
– पाव वाटी पाण्यात कालवलेला एक लहान चमचा कॉर्नफ्लोअर.

सारखेच तुकडे का, तर ते एकाच वेळी शिजावेत म्हणून. ढोबळी मिरची मोठी आणि कांदा बारीक चिरला तर एक कच्ची राहते आणि दुसरा गळतो. चिनी स्वयंपाकघरात शिकाऊ पोराला आधी सुरीच का हातात देतात, ते इथे समजतं.

या मांडणीचे आता दोन सारखे वाटे करा. प्रत्येक वाटा वेगळा परतायचा. कोरडी कढई मोठ्या आचेवर ठेवा. धुराची पहिली रेघ दिसली की एक मोठा चमचा तेल घाला आणि कढई फिरवून ते सगळीकडे पसरवा. लसूण, आलं, हिरवी मिरची, पातीचा पांढरा भाग एकदम टाका. दहा-पंधरा सेकंद, सतत हलवत. ठसका लागेल, तो लागायलाच हवा. लगेच कांदा आणि ढोबळी मिरची, त्यांना मिनिटभर. कडा थोड्या डागाळल्या पाहिजेत, आतून करकरीत राहिल्या पाहिजेत.

मग सोया सॉस भाजीवर ओतू नका. तो कढईच्या वरच्या तापलेल्या काठावरून गोल फिरवत सोडा. लोखंडाला लागताच तो चर्रकन उसळतो, किंचित जळतो आणि तो खमंग वास पदार्थात उतरतो. एवढीशी गोष्ट, पण माझं चिली चिकन 'घरचं' न राहता टँग्राचं वाटायला लागलं ते या दिवसापासून. एका हॉटेलच्या स्वयंपाकघराचं दार उघडं होतं, मी हात धुवायला गेले होते, आणि आचारी डावाने काठावरून सॉस फिरवताना दिसला. त्याच्या शेजारी कढईत भाज्या किती थोड्या होत्या, तेही तेव्हाच पाहिलं.

आता दुसरी वाटी, मग कॉर्नफ्लोअरचं पाणी पुन्हा एकदा ढवळून. अर्ध्या मिनिटात सॉस चकचकीत होतो. लगेच चिकनचा वाटा घालून चार-पाच वेळा उलटसुलट करा, वर हिरवी पात, आणि ताटलीत. लोखंडी कढईत सोडून देऊ नका, तिथेही ते शिजतच राहतं.

रस्सेदार हवं असेल तर दोन वाट्यांना मिळून दीड वाटी पाणी किंवा चिकनचं पाणी आणि दीड मोठा चमचा कॉर्नफ्लोअर घ्या. व्हिनेगर मात्र शेवटी घाला. आंबटपणात कॉर्नफ्लोअर फार वेळ उकळला तर रस्सा पुन्हा पातळ होतो.

अजिनोमोटोबद्दल विचारतातच, म्हणून लिहिते. १९०८ साली टोकियोत किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने समुद्री शेवाळाच्या सारातून ही चव वेगळी काढली. तेच ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोत आणि चीजमध्येही असतं. अर्धा किलो चिकनला पाव लहान चमचा पुरतो. मी घालते. नको असेल तर भिजवलेल्या सुक्या मशरूमचं पाणी वापरा.

बरोबर नूडल्स

दोनशे ग्रॅम हाक्का नूडल्स भरपूर खळखळत्या मिठाच्या पाण्यात सोडा आणि पाकिटावर लिहिलंय त्याच्या मिनिटभर आधी काढा. दातांखाली किंचित कणी लागली पाहिजे. चाळणीत ओतून गार पाण्याखाली धरा, लहान चमचाभर तेल लावा आणि परातीत पसरून पंख्याखाली अर्धा तास सुकवा. हा अर्धा तास चुकवला की कढईत गिच्च गोळा होतो. पुढचं सोपं आहे. कोबी, गाजर, फरसबी काडीसारखी लांब चिरून, वरच्यासारखीच धुरावलेली कढई, आधी लसूण, मग भाज्या, मग नूडल्स, सोया सॉस काठावरून, पांढरी मिरपूड, शेवटी व्हिनेगरचा शिंतोडा. अर्ध्या अर्ध्या वाट्याने. कोलकात्यात याला नुसतं 'चाऊ' म्हणतात आणि त्याचा रंग फिकट असतो, कारण चव देण्याचं काम ताटलीतलं चिली चिकन करणार असतं. टँग्रातल्या कालीमातेच्या एका देवळात नूडल्सचा नैवेद्य दाखवतात, तेव्हा शाकाहाऱ्यांनीही चाऊला नाही म्हणू नये.

मंचुरियन: मुंबईचं अपत्य

शाकाहारी घरांसाठी मंचुरियन हवंच, आणि ते आपल्या गावचं आहे. नेल्सन वाँग हे कोलकात्यात जन्मलेले चिनी आचारी. मुंबईला येऊन ते क्रिकेट क्लब ऑफ इंडियात स्वयंपाक करू लागले. १९७५ साली एका गिऱ्हाइकाने यादीतलं नको, नवीन काहीतरी द्या म्हटलं. त्यांनी आपल्या भाजीची सुरुवात करतात तशीच केली, बारीक चिरलेला लसूण, आलं, हिरवी मिरची. पण गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस घातला आणि कॉर्नफ्लोअरने दाट केलं. चीनच्या मांचुरियात हा पदार्थ कुणी ओळखणार नाही. चिकनच्या जागी कोबी, फ्लॉवर, पनीर यायला वेळ लागला नाही, आणि आज लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्याशेजारी मंचुरियन असतं.

दोन वाट्या बारीक चिरलेला कोबी आणि अर्धी वाटी किसलेलं गाजर यांना अर्धा लहान चमचा मीठ लावून दहा मिनिटं ठेवा. घट्ट पिळा, सुटलेलं पाणी टाकू नका, रश्श्यात घाला. पिळलेल्या भाजीत चार मोठे चमचे मैदा, तीन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर, मिरपूड, चिरलेली हिरवी मिरची. गोळा वळता येईल इतपतच पीठ. जास्त झालं की आतून चिकट दगड होतो. मध्यम तेलात तळा. रस्सा चिली चिकनच्या रश्श्याप्रमाणेच, फक्त कांदा बारीक चिरलेला, लसूण दुप्पट आणि वर कोथिंबिरीच्या देठांसकट चिरलेली कोथिंबीर. गोळे वाढायच्या क्षणी रश्श्यात सोडा.

शेजवान चटणीत तिरफळ

१९७०च्या दशकात ताजमहाल हॉटेलच्या गोल्डन ड्रॅगनने मुंबईला सिचुआनच्या जेवणाची ओळख करून दिली. तिथून 'शेजवान' हा शब्द रस्त्यावर आला आणि डोशापासून वड्यापर्यंत सगळीकडे पोचला. वाटेत एक जिन्नस गळाला. खऱ्या सिचुआन स्वयंपाकात जिभेला झिणझिण्या आणणारे एक प्रकारचे मिरे असतात. आपल्या शेजवानमध्ये नुसती लाल मिरची आणि लसूण. पण कोकणात आणि गोव्यात बांगड्याच्या कालवणात आपण जे तिरफळ घालतो, ते त्या मिऱ्याचं सख्खं भावंड आहे. दोघांचंही बी टाकून देतात आणि साल वापरतात.

म्हणून माझी चटणी अशी: पंधरा ब्याडगी मिरच्या बिया काढून गरम पाण्यात भिजवून वाटा. पाऊण वाटी तेलात वीस लसणाच्या पाकळ्या आणि दोन इंच आलं, दोन्ही बारीक चिरून, मंद आचेवर सोनेरी करा. हा एकच पदार्थ असा की ज्याला मंद आच लागते. वाटण घालून तेल सुटेपर्यंत परता, मग एक मोठा चमचा सोया सॉस, दोन मोठे चमचे व्हिनेगर, दोन लहान चमचे साखर, मीठ. गॅस बंद केल्यावर पाच-सहा तिरफळांच्या साली कोरड्या भाजून, ठेचून मिसळा. पहिल्यांदा तीनच घाला. ज्यांना सवय नाही त्यांना ओठ बधिर झाल्यासारखे वाटतात.

परदेशात असाल तर

कोलकाता सोडलेली अनेक हाक्का कुटुंबं टोरांटोकडे गेली. तिथे, स्कारबरो, ब्रॅम्प्टन, मिसिसागा या भागांत, 'हाक्का' अशी पाटी दिसली तर आत चिली चिकन आणि मंचुरियन मिळतं. चीनमधून भारतात आणि भारतातून कॅनडात, असा दोनदा देश बदललेला हा स्वयंपाक, आणि तिकडे तो खाणाऱ्यांत आपली माणसं भरपूर. घरी करायचं असेल तर तिथल्या चिनी दुकानात उत्तम लाइट सोया मिळेल, तो घ्या. तांदळाचं व्हिनेगर मात्र घेऊ नका, ते सौम्य आणि गोडसर असतं. साधं पांढरं व्हिनेगरच आणा. तिकडच्या बारीक थाई मिरच्या आपल्या पोपटी मिरच्यांपेक्षा फार जहाल, म्हणून सहाच्या जागी दोन. विजेची शेगडी असेल तर सपाट बुडाची लोखंडी कढई पाच-सात मिनिटं नुसती तापू द्या आणि एका वेळी एकाच माणसापुरतं परता.

आणि चिली चिकन उरलं तर ते ओव्हनमध्ये गरम करू नका. तीच कढई पुन्हा धुरावा, तेल न घालता मिनिटभर परता, गरम पोळीत कच्चा कांदा आणि व्हिनेगरमधल्या दोन-चार मिरच्यांबरोबर गुंडाळा. आमच्याकडे सोमवारचा डबा असाच असतो.